पाळलेला साप ओळखताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात खारघरहून एका काकूंचा फोन आला. भाडेकरू मुलगा खोली सोडून गावी गेला होता आणि काचेची पेटी मागेच ठेवून गेला होता. पेटीत साप. "दादा, तो म्हणायचा कॉर्न स्नेक आहे. पण कॉर्न म्हणजे मक्यासारखा पिवळा हवा ना? हा तर काळपट आहे, अंगावर पांढरे पट्टे." (कॉर्न स्नेक म्हणजे अमेरिकेतला बिनविषारी साप, हौसेने पाळतात तो.) पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आला. काचेवर ट्यूबलाइटचा झोत, मागे वेटोळ्याचा एक तुकडा, डोक्याचा पत्ता नाही. झाकणावर वजन म्हणून पोळपाट.

तेवढ्या फोटोवरून तीन नावं घेता आली असती: कवड्या, मण्यार किंवा अमेरिकेतला कॅलिफोर्निया किंगस्नेक. पहिला आणि तिसरा बिनविषारी. मधला चावला तर बऱ्याचदा दुखतही नाही, सूजही येत नाही; काही तासांनी पापण्या मिटायला लागतात आणि मग श्वासावर येतं. म्हणून नाव पक्कं होईपर्यंत साप विषारीच धरायचा आणि पेटीत हात घालायचा नाही. काकूंना एवढंच बजावलं आणि ठाण्याहून पनवेल लोकल पकडली.

विकणाऱ्याने सांगितलेलं नाव

पेटीत आहे म्हणजे परदेशीच असणार, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. साप ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी किंवा ऐरोलीच्या खाडीकाठी दिसला, तर जागेवरूनच निम्मी यादी गळून पडते. पेटीतल्या सापाला पत्ता नसतो. तो आफ्रिकेतला बॉल पायथन असू शकतो, नाहीतर परवाच पारसिकच्या डोंगरावरून उचललेला. शिवाय नावंही फसवी. किंगस्नेक म्हटलं की कुणाला नागराज, म्हणजे किंग कोब्रा आठवतो. दोघांचा काडीचा संबंध नाही. विकत घेताना खरेदीचा कागद मिळाला का, हे आधी विचारा. काकूंच्या भाडेकरूकडे तो नव्हताच.

रंग

कॉर्न स्नेक पिढ्यानपिढ्या पैदास करून पांढरा, गुलाबी, राखाडी, बिनठिपक्यांचा, हवा तसा निघतो. बॉल पायथनचंही तेच. त्यामुळे रंगावरून पाळीव सापाचं नाव सांगणं म्हणजे केसांच्या कलपावरून माणसाचं आडनाव सांगणं. कॉर्न स्नेकचं पोट बहुधा बुद्धिबळाच्या पटासारखं चौकड्यांचं असतं. साप काचेवर चढला की खालून दिसतं. बॉल पायथनची शेपटी आखूड असते आणि वरच्या ओठावर उष्णता जाणणारे बारीक खड्डे असतात.

तिकोनी डोकं, उभी बाहुली

डोकं तिकोनी आणि डोळ्याची बाहुली उभी असली की साप विषारी, हा नियम अमेरिकेतून आला आहे आणि तिथे तो बऱ्यापैकी चालतो, कारण तिथले बहुतेक विषारी साप घोणसच्या कुळातले आहेत. आपल्याकडे मात्र तो जीव घेईल. नाग आणि मण्यार दोघांचीही बाहुली गोल, डोकं तिकोनी नाही. उलट बॉल पायथन, डुरक्या घोणस आणि मांजऱ्या यांची बाहुली उभी. पहिले दोन बिनविषारी, तिसरा निमविषारी.

अजगराचं पिल्लू म्हणून बादलीत ठेवलेली घोणस मी घोडबंदर रोडला पाहिली आहे. घोणसच्या अंगावर काळसर कडांच्या ठिपक्यांच्या तीन ओळी साखळीसारख्या नेमाने जातात. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही. घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. त्या घरात सगळे म्हणत होते, "भूक लागलीय त्याला."

कात फेकून देणं

खारघरला पोचल्यावर मी सापाआधी कात शोधली. पेटीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या वाटीमागे, चुरगळून पडली होती. साप दुसऱ्या टोकाला होता. लांब चिमट्याने ती अलगद बाहेर घेतली, कोमट पाण्यात भिजवली आणि जुन्या वर्तमानपत्रावर पसरली. कात बरीचशी उलटी निघते, पायमोजा काढतो तशी. ती ताणलेलीही असते, म्हणून तिच्यावरून लांबी ठरवू नका.

आता खिडकीच्या उजेडात धरून पाठीच्या मधली ओळ बघायची. मण्यारच्या त्या ओळीतले खवले शेजारच्यांपेक्षा ठळक मोठे आणि षटकोनी असतात. या कातीत मधली ओळ आणि बाजूची ओळ सारखीच होती. मग शेपटीची खालची बाजू: मण्यारला तिथे खवल्यांची एकच ओळ, कवड्याला दोन. इथे दोन होत्या. एवढ्याने मण्यार बाद. पट्टे नंतर पाहिले. मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले, म्हणजे कवड्या. मण्यारचं नेमकं उलट असतं आणि किंगस्नेकचे रुंद पट्टे थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातात. पट्ट्यांवर आधी विसंबू नका असं सांगतो, कारण मण्यारच्या पिल्लात ते मानेपर्यंत दिसू शकतात.

म्हणजे आपल्या भिंतींवर चढून पाली खाणारा साधा कवड्या कुणीतरी परदेशी म्हणून विकला होता. वर त्याच्यासाठी खारघरच्या उकाड्यात गरम दिवाही लावलेला.

कात नसेल तर फोटो

ॲपला अर्धवट फोटो दिला तरी ते काहीतरी नाव देतंच. त्यावर जाऊ नका. मोबाईलचा फ्लॅश आणि खोलीतला दिवा बंद करा, भिंग काचेला टेकवा आणि चार फोटो घ्या: डोकं वरून, डोकं बाजूने, मधलं अंग, शेपटी. काचेबाहेर मोजपट्टी ठेवा. ते चारही फोटो जाणकार सर्पमित्राला पाठवा.

देशी साप निघाला तर तो ठेवता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वनखात्याला १९२६ वर कळवा. काकूंनी तेच केलं. बॉल पायथन निघाला तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ती नसली तरी वनखात्यालाच सांगा. घाबरून रात्री येऊरला नेऊन सोडू नका: तो तिथे उपाशी मरेल, किंवा जगला तर तिथल्या पाखरांच्या घरट्यांवर.