मॅडम, आमना नाला काया का शे?

दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला हा प्रश्न येतोच. दोन बाकं जोडायची, वर टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा, अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार कंपासपेट्या ठेवायच्या, की पोरं आपापलं गाव शोधायला तुटून पडतात. गाव सापडतं. गावाला खेटून जाणारा नालाही सापडतो, पण तो निळा नसतो. काळ्या बारीक रेषेचा असतो. मग मागच्या बाकावरून अहिराणीत आवाज येतो, "मॅडम, आमना नाला काया का शे?"

मी सरळ उत्तर देत नाही. विचारते, मे महिन्यात नाल्यात काय करता रे? "क्रिकेट खेयतस, मॅडम." मग खेळपट्टी निळी कशी दाखवतील?

वर्ग हसतो, आणि अर्ध्या शीटचं वाचन तिथेच सुरू होतं. निळा रंग पाण्याचा असतो, नदीचा नव्हे. ज्या पात्रात वर्षातला बराच काळ पाणी नसतं ते काळ्या रेषेने दाखवतात. खान्देशातलं कुठलंही शीट घ्या, काळ्या रेषांचं जाळं आणि त्यात थोडीशी निळी शीर, असंच दिसणार. रंगांचा तक्ता पाठ करून काही होत नाही, हे बावीस वर्षं शिकवून माझं मत झालंय. तपकिरी म्हणजे समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), हिरवा म्हणजे जंगल, पिवळा म्हणजे शेती, तांबडा म्हणजे रस्ते आणि वस्ती, हे चार दिवसांत आपोआप बसतं. आधी पाणी बघा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे कळलं, की उतार कळला. उतार कळला, की गाव तिथे का वसलं हेही कळायला लागतं.

पण त्याआधी शीटच्या कडा वाचायच्या. पोरं नेमक्या त्याच सोडतात.

वरच्या बाजूला शीटचा क्रमांक असतो. तो स्वतः काढता आला पाहिजे. अमळनेरचं उदाहरण घेऊ. फोनवर बघितलं तर अमळनेर साधारण २१ अंश २ मिनिटं उत्तर, ७५ अंश ३ मिनिटं पूर्व. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे चार अंश बाय चार अंशाचे मोठे चौकोन पाडलेत. त्यातला ४६ क्रमांकाचा चौकोन ७२ ते ७६ रेखांश आणि २० ते २४ अक्षांश यांच्यामध्ये बसतो, म्हणजे आपला जवळजवळ सगळा खान्देश त्यात आला. या चौकोनाचे एकेक अंशाचे सोळा भाग, ए पासून पी पर्यंत. इथे लक्ष द्या. अक्षरं आडवी जात नाहीत, वायव्येच्या कोपऱ्यापासून खाली उतरतात. चार खाली, मग शेजारच्या ओळीत पुन्हा वरून खाली. ७५ ते ७६ ही चौथी उभी ओळ, म्हणजे एम, एन, ओ, पी. २१ ते २२ अक्षांश वरून तिसरा. झालं, ४६ ओ. आता या ओ चे पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, क्रमांक त्याच पद्धतीने. रेखांशाची ३ मिनिटं पहिल्या ओळीत, अक्षांशाची २ मिनिटं सगळ्यात खालच्या घरात. म्हणून ४६ ओ/४. धुळ्याचं स्वतः काढून बघा, ४६ एल/१३ आलं पाहिजे. जळगाववाल्यांचा मात्र वांधा आहे. शहर २१ अंशाच्या अक्षवृत्तालाच खेटून असल्यामुळे ४६ ओ/१२ आणि ४६ पी/९ ही दोन शीटं जोडल्याशिवाय अख्खं शहर दिसत नाही.

(सर्वेक्षण विभागाची नवी ओपन सिरीज शीटं २००५ च्या नकाशा धोरणानंतरची आहेत. त्यांचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे, आपल्या भागात एफ ४३ ने सुरू होतात. गोंधळू नका. वाचायची रीत तीच.)

मग सर्वेक्षणाचं वर्ष बघा. हे बघितलं नाही की फजिती होते. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधीच्या शीटवर शहादा, तळोदा, अक्कलकुवा सगळं धुळे जिल्ह्यात. मुक्ताईनगर शोधाल तर एदलाबाद सापडेल. जुन्या शीटवर पाचोरा-जामनेर रेल्वे, आपली पीजे, बारीक रेषेने जाताना दिसते. शीट हतनूर धरणाआधीचं असेल तर जिथे आज पाणी पसरलंय तिथे तापी नुसती नदी म्हणून वाहते. मी एकाच भागाची जुनी आणि नवी शीटं शेजारी ठेवायला लावते. त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही.

तिसरी गोष्ट प्रमाण. आपण वापरतो ती शीटं १:५०,००० ची, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. आपल्या अक्षांशावर एका शीटमध्ये उत्तर-दक्षिण सुमारे २८ आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ किलोमीटरचा मुलूख मावतो. वळणाचा रस्ता मोजायचा तर शिवणाचा दोरा ओला करून रस्त्यावर बसवा. कोरडा दोरा उड्या मारतो.

माझी पहिल्या वर्षाची चूक सांगते. तेव्हा शाळेत शीट एकच होतं आणि पोरं चाळीस. मी त्याच्या झेरॉक्स काढल्या, काळ्या-पांढऱ्या, ए-फोर कागदावर बसवून. दोन घोटाळे एकदम झाले. तपकिरी, निळं, काळं सगळं एकाच रंगाचं झालं आणि निम्म्या वर्गाने समोच्च रेषांना नद्या समजून त्यांना नावं दिली. दुसरा घोटाळा त्याहून वाईट. नकाशा आकसून जवळजवळ निम्मा झाला होता, खाली छापलेलं १:५०,००० मात्र तसंच राहिलं. अठरा किलोमीटरचा रस्ता पोरांनी मोजून नऊ किलोमीटर लिहिला. चूक मला कळली नाही, त्या रस्त्याने रोज एसटीने येणाऱ्या एका मुलीला कळली. "मॅडम, नऊ किलोमीटरले इतलं तिकीट ऱ्हास का?" तेव्हापासून सांगते, झेरॉक्सवर अंकप्रमाण, म्हणजे ते १:५०,०००, वापरू नका. खालची पट्टी, म्हणजे रेषाप्रमाण, वापरा. नकाशा आकसला तर पट्टीही तेवढीच आकसते, म्हणून ती खोटं बोलत नाही.

आता समोच्च रेषा. सगळी गाडी इथेच अडते. फळ्यावर गोलात गोल काढून डोंगर डोळ्यांसमोर येत नाही. त्यासाठी मी वांगं आणते. आपलं भरताचं, मोठं, हिरवट पांढरं.

वांगं देठापासून बुडापर्यंत उभं चिरा. एक अर्धं पाटावर पालथं ठेवा. झाला डोंगर. आता त्याच्या एका कुशीवर माथ्यापासून पायथ्यापर्यंत सुरीने एक तिरपी खाच पाडा. ही घळ, नाल्याची. मग उदबत्तीच्या दोन काड्या वरून खाली आरपार खुपसा आणि काढून घ्या, भोकं राहू द्या. आता पाटाला समांतर, बोटभर जाडीच्या चकत्या करा. सगळ्यात खालची, सगळ्यात मोठी चकती कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा, भोकांच्या जागी ठिपके द्या. ती काढा, वरची चकती तेच ठिपके जुळवून ठेवा, पुन्हा पेन्सिल. अशा चार-पाच चकत्या संपल्या की कागदावर समोच्च रेषांचा नकाशा तयार असतो, आणि तो पोरांनी स्वतः काढलेला असतो. चकतीची जाडी म्हणजे समोच्च रेषांतर, लागोपाठच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक. शीटवर ते बहुधा २० मीटर असतं, तळाशी लिहिलेलं असतं, दर वेळी वाचायचं.

कागद नीट बघा. देठाकडे वांगं हळूहळू उतरतं, तिथे रेषा लांब लांब पडल्यात. बुडाकडे एकदम उतरतं, तिथे रेषा दाटल्यात. आणि खाच जिथे होती तिथे प्रत्येक रेषा आत वळलीय, तिचं टोक माथ्याकडे गेलंय. म्हणजे टोक उंचीकडे असेल तर नाला, टोक उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. हे वाक्य पाठ करण्यापेक्षा ती चकती एकदा हातात धरलेली बरी. पाचवी रेषा जाड असते, २० मीटरच्या अंतराने ती बरोबर १०० मीटरला येते. उंची मोजताना जाड रेषेवरून जाड रेषेवर उडी मारा, बारीक रेषा मोजत बसाल तर डोळे जातील. उतार काढायचा तर उंचीतला फरक भागिले जमिनीवरचं अंतर. एका सेंटिमीटरमध्ये २० मीटरची पाच अंतरं बसली तर ५०० मीटरमध्ये १०० मीटर चढ, म्हणजे १:५. सायकल हातात धरून न्यावी लागेल.

चकत्या फेकू नका, मीठ-तिखट लावून तव्यावर टाका. आमच्या शिपाईमामांनी शोधलेला उपयोग आहे.

वांग्यात जे दिसत नाही असं एक भूरूप आपल्याकडे आहे. माझं माहेर साक्री तालुक्यातलं. तिकडच्या शीटवर, तसंच नंदुरबार-दोंडाईचाकडेही, समोच्च रेषांचे लांबच लांब चिंचोळे फुगे दिसतात, पूर्व-पश्चिम पसरलेले, पट्टीने आखल्यासारखे सरळ. पोरं त्याला कालव्याचा भराव म्हणतात, कुणी रेल्वेचा म्हणतं. ते डाईक आहेत, भूगोलाच्या भाषेत भित्ती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा भेगांमध्ये शिरून थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला, भेगेतला टणक राहिला, आणि रानात भिंत उभी राहिली. लहानपणी आम्ही त्या भिंतीवर बसून बोरं खाल्ली आहेत, पण ती काय आहे हे मला कॉलेजात शीट बघून कळलं. अशी भिंत सापडली की नाला तिला कुठे फोडून जातो ते शोधा. बंधाऱ्याची जागा बहुतेक वेळा तिथेच दिसते.

माहेरची पांझरा नदीही बघण्यासारखी आहे. पात्रावर आडवी रेघ आणि तिच्या एका टोकाकडून निघून नदीला समांतर जाणारी बारीक निळी रेषा दिसली, की तो फडाचा, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या पाटपाण्याचा, बंधारा आणि पाट. पाट आणि नदी यांच्यामधला पिवळा पट्टा म्हणजे बागाईत. फड पद्धतीवर उत्तर लिहायचं असेल तर त्या पट्ट्याचं क्षेत्रफळ चौकटी मोजून काढा आणि उत्तरात घाला, तपासणारा खूश होतो.

चौकटींवरून आठवलं, संदर्भ क्रमांक, म्हणजे शीटवरच्या चौकटींच्या जाळ्यात ठिकाण कुठे आहे ते सांगणारा आकडा. आधी आडवं चालायचं, मग जिना चढायचा. ईस्टिंगचे (उभ्या रेषांवरचे) दोन अंक आधी, नॉर्दिंगचे (आडव्या रेषांवरचे) दोन नंतर. चार अंकांनी चौकट कळते. सहा अंकी हवा असेल तर प्रत्येक बाजूचे दहा भाग कल्पून तिसरा अंक लावा. यात अवघड काही नाही, उलटं लिहिलं की मार्क जातात एवढंच.

तापीकाठाला मात्र वेळ द्या. दोन्ही तीरांवर बारीक काळ्या दातऱ्या रेघांची गिचमीड दिसेल. छपाई बिघडलेली नाही, ती गाळाच्या जमिनीत पडलेल्या घळ्यांची खूण आहे. त्यांच्याजवळ १२ आर, १५ आर असे आकडे असतात. हा आर म्हणजे सापेक्ष उंची, आजूबाजूच्या जमिनीपासून तेवढे मीटर खोल किंवा उंच. समुद्रसपाटीशी त्याचा संबंध नाही. एका वर्षी एका पठ्ठ्याने तापी समुद्रसपाटीपासून १५ मीटरवर वाहते असं लिहून अमळनेर जवळपास किनाऱ्याला नेऊन ठेवलं होतं. समुद्रसपाटीपासूनची उंची हवी तर त्रिकोणाजवळचा किंवा साध्या ठिपक्याजवळचा आकडा घ्या. बी. एम. (बेंच मार्क) लिहिलेला आकडा एखाद्या पक्क्या बांधकामावर कोरलेल्या खुणेची उंची सांगतो.

आणि शेवटी अर्थ लावण्याचा प्रश्न. यात पोरं यादी देतात: शीटमध्ये नदी आहे, रस्ता आहे, मंदिर आहे. यादीला मार्क नसतात, 'कारण' या शब्दाला असतात. मी एकच प्रश्न देते. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर ही गावं एका रस्त्यावर ओवल्यासारखी आहेत. तो रस्ता तापीच्या काठाने न जाता सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूने का गेला? शीट समोर ठेवा. काठावर घळ्या, त्यात रस्ता नेला तर दर फर्लांगाला मोरी. उत्तरेला समोच्च रेषा एकदम दाटतात, म्हणजे डोंगर, हिरवा रंग, विखुरलेले पाडे. मधल्या पट्ट्यात मैलोगणती एकही तपकिरी रेषा नाही, विहिरींच्या खुणा दाट, पिवळा रंग सलग, गावं मोठी आणि केंद्रित. रस्ता दुसरीकडे जाणार कुठे?

एवढं जमलं की पुढच्या तासाला उलटा प्रश्न असतो. सुरत-भुसावळ रेल्वे मात्र नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत तापीच्या दक्षिणेनेच का गेली? लागतील तेवढी शीटं जोडून घेऊन या.