भूकंप घोळक्याने का येतात? चौकटींच्या कागदावर फ्रॅक्टल विश्लेषण कसं करावं

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून आम्ही सोलापुरात नुकतेच आडवे झालो होतो. मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांवर वाजू लागले, तो आवाज अजून कानात आहे. तिकडे किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली होती. पुढे कित्येक रात्री आमची गल्ली अंगणात झोपली, आणि रोज कुणीतरी ‘आज रात्री परत येणार’ म्हणून नवी वेळ सांगायचं.

अशी वेळ कुणालाच सांगता येत नाही, आणि पुढे दिलेली पद्धतही ती सांगत नाही. धक्के काळाच्या पट्टीवर किती दाटीवाटीने येतात, एवढंच ती मोजते. सोलापुरी चादरीवरची नक्षी ठरलेल्या अंतराने परत येते. भूकंप तसे येत नाहीत, ते आपल्याकडच्या पावसासारखे येतात: महिनोन्‌महिने कोरडे, मग चार दिवस सलग. त्या चार दिवसांतही तासांचे घोळके, तासांतही सरींचे. मोठ्या मापात दिसणारी विस्कळीत रचना लहान मापातही तशीच दिसली, की तिला फ्रॅक्टल म्हणतात. हा शब्द गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रो यांनी १९७५ मध्ये रूढ केला.

आधी यादी मिळवा. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र किंवा अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था यूएसजीएस यांच्या संकेतस्थळांवर तारीख, वेळ, ठिकाण आणि तीव्रता मिळते. सुरुवातीला कोयना परिसर घ्या. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं, ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला आणि लहान धक्के आजही चालू आहेत, त्यामुळे मोजायला भरपूर नोंदी हाताशी येतात. किल्लारीच्या यादीत मुख्य धक्का आणि त्यामागचे पश्चात धक्के हेच मुख्यत्वे असतात. आणखी एक: आंतरराष्ट्रीय याद्यांत वेळ ग्रीनिचची असते, म्हणून किल्लारीचा भूकंप तिथे २९ सप्टेंबरला दिसतो. साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

मग यादी गाळा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण चुकीचे निष्कर्ष बहुतेक इथेच जन्मतात. तीव्रता १ ने कमी झाली की भूकंपांची संख्या साधारण दहापट वाढते. हाच गुटेनबर्ग-रिश्टर नियम. प्रत्येक तीव्रतेचे किती धक्के आहेत ते मांडा. मोठ्याकडून लहानाकडे येताना आकडे वाढत जातील आणि एका जागी अचानक घसरतील. त्याखालचे धक्के होऊन गेलेत, पण यंत्रांना पकडता आलेले नाहीत. तेवढे सगळे वगळा. नाहीतर नवं यंत्र बसलं, नोंदी वाढल्या आणि तुम्ही त्यालाच भूकंपांचा घोळका समजलात, असं होईल.

आता चौकटी मोजा. एक सरावाचं उदाहरण घेऊ, आकडे माझेच आहेत. ६४ दिवसांची पट्टी आखा. ३, ४, ६, २१, २२, २३, २४, ५०, ५१ आणि ५३ या दिवशी धक्का बसला असं समजा. एकेका दिवसाच्या चौकटी केल्या तर १० भरलेल्या. दोन-दोन दिवसांच्या केल्या तर ७. चारच्या ५, आठच्या ३, सोळाच्या ३, बत्तीसच्या २, आणि सगळी पट्टी एकच चौकट धरली तर १. एका चौकटीत कितीही धक्के असले तरी ती एकदाच मोजायची.

स्प्रेडशीटमध्ये चौकटीची लांबी आणि भरलेल्या चौकटींची संख्या, दोन्हींचे लॉगॅरिदम काढून आलेख मांडा. बिंदू साधारण सरळ रेषेत येतील. रेषेचा उतार ऋण येतो. चिन्ह सोडून जो आकडा उरतो तो फ्रॅक्टल मिती. इथे ती सुमारे ०.५१ येते. ० कडे झुकली तर दाट घोळके, १ च्या जवळ गेली तर काळभर पसरलेले धक्के.

हेच १० धक्के साधारण सारख्या अंतरावर ठेवून बघा: ४, १०, १७, २३, ३०, ३६, ४३, ४९, ५६, ६२. आता आकडे येतात १०, १०, १०, ८, ४, २, १. रेषा आधी आडवी जाते आणि मग एकदम वाकते. अशा वाकलेल्या आलेखातून ओढूनताणून एक उतार काढू नका. तिथे फ्रॅक्टल नाहीच.

शेवटी पडताळा. तेवढ्याच संख्येच्या, स्प्रेडशीटने यादृच्छिक निवडलेल्या वेळा घ्या आणि सगळी मोजणी पुन्हा करा, जमलं तर शंभरदा. खरा आलेख या गर्दीत मिसळून गेला, तर तुम्हाला दिसलेला घोळका योगायोगाचा असू शकतो. मग पश्चात धक्के काढून एकदा मोजा. मोठ्या भूकंपानंतर ते दिवसांगणिक कसे विरत जातात, हे जपानी भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्ये मांडलं होतं. ते काढल्यावर मिती १ कडे सरकली, तर घोळका मुख्यतः त्यांचाच होता. फारशी हलली नाही, तर मुख्य धक्केही एकमेकांना धरून येत आहेत, आणि अशा यादीवर पुढे दहा-दहा वर्षांचे तुकडे पाडून प्रत्येकाची मिती वेगळी काढून बघण्यात अर्थ आहे. मात्र एका तुकड्यात शंभरेक तरी धक्के हवेत.