फोनवरून एचआयव्हीचं समुपदेशन करताय? आधी विचारा फोन कोणाचा

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला फोनवरून आधार द्यायचा म्हटलं की लोक आधी अ‍ॅप शोधायला लागतात. अ‍ॅप राहू द्या हो बाजूला, पहिले विचारा फोन कोणाचा आहे. आमच्या खान्देशात एकच मोबाईल घरात चार जण वापरतात, पोरगं गेम खेळतं, बाप रात्री यूट्यूब बघतो. मी सुरुवातीला एका ताईंना सरळ टाकलं, "गोळ्या संपल्या का", आणि मेसेज वाचला त्यांच्या जेठाने. ताईंनी बीपीच्या गोळ्या सांगून वेळ मारून नेली, पण मला दोन रात्री झोप नाही.

तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच, समोरासमोर, शब्द ठरवून घेतो. "आज केळीचा भाव काय?" एवढंच टाकायचं. "चढला" म्हणजे बोलता येईल, "पडला" म्हणजे कोणीतरी जवळ आहे. मग त्यांच्याच हाताने व्हॉट्सअ‍ॅपचं नोटिफिकेशनमधलं प्रिव्ह्यू बंद करायला लावा, गायब होणारे मेसेज चालू करा, आणि लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा, कुठल्या कॉम्प्युटरवर त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप चालू तर नाही ना.

ग्रुप मात्र करू नका! ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि रावेर-यावलकडे कोण कोणाचा पाव्हणा निघेल काही नेम नाही. ब्रॉडकास्ट वापरा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो, फक्त समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला पाहिजे नाहीतर मेसेज जात नाही. एचआयव्हीचा 2017 चा कायदा आहे, कोणाला एचआयव्ही आहे की नाही हे त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही, म्हणून रिपोर्टचे फोटो पण मागवून ठेवू नका.

लांब लांब टाइप करण्यापेक्षा व्हॉइस नोट बरी, पण ती इयरफोन लावून ऐकायला सांगा. आणि अहिराणीत बोला ना, "गोयी लिधी का भो?" म्हटलं की सुरतला लूमवर गेलेला माणूस पण मोकळा होतो. तो म्हणतो रात्रपाळीत गोळी राहिली. रागावू नका. आठवली की घे, दुसऱ्या दिवशी डबल घेऊ नको, एवढं सांगा आणि त्याच्या जेवणाच्या सुट्टीला जोडून मोबाईलमध्ये अलार्म लावून द्या, अलार्मला नाव "चहा". गावी यायला जमत नसेल तर तिथल्या एआरटी सेंटरवर गोळ्या मिळतील का हे आपल्या सेंटरच्या काउन्सेलरला विचारून ठेवा. गोळी बदलायची, थांबवायची गोष्ट फोनवर आपण करायची नाही, ते डॉक्टरचं काम.

तुम्ही रात्री दोनला फोन उचलणार नाही, खोटं कशाला बोलायचं. 1097 ही नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची फुकट हेल्पलाइन आहे, ती द्या, आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल तर मेसेजवर थांबू नका, लगेच कॉल लावा.

आणि चार-पाच दिवस भाव कळलाच नाही तर घाबरून घरी फोन करू नका. सेंटरच्या काउन्सेलरला सांगा, पुढच्या गोळ्यांची तारीख त्यांच्याकडे असते.