हलक्या रॉडला मुशी लागली तर

जिताडा, तांबोसा किंवा रावस यांच्यासाठी टाकलेल्या गळाला मुशी (शार्क) लागणं कोकण किनाऱ्यावर नवीन नाही. खाडीच्या मुखाशी गढूळ आणि निवळ पाणी जिथे मिळतं तिथे बोयींचे थवे असतात, आणि त्यांच्यामागे जिताडा येतो तशी मुशीही येते. बांगड्याचा रक्ताळलेला तुकडा लावला असेल, संध्याकाळ झाली असेल आणि पाणी भरत असेल, तर तयारी ठेवूनच बसावं.

हलका गळ म्हणजे इथे ८ ते ९ फुटी स्पिनिंग रॉड, ४००० नंबरचं रीळ, २० पौंडी (साधारण ९ किलोची) ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढे गळापर्यंत ३० ते ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे जाड, टणक दोरीचा तुकडा. या सामानावर छोटी मुशी आरामात येते. मोठी मुशी हरवता येते, पण तोवर ती मरायला टेकलेली असते. म्हणून मुशी आहे हे लवकर ओळखायचं आणि तिला आणायचं की सोडायचं हे पहिल्या काही मिनिटांत ठरवायचं. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

ओळखायचं कसं

जिताडा लागला की डोकं झटकतो, पाण्याबाहेर उडी मारतो, खडपाकडे किंवा कांदळवनाच्या मुळांकडे धावतो. पाकट लागली तर तळाला चिकटते. दगडात गळ अडकल्यासारखं वाटतं, मग तो दगड हळूच सरकतो. मुशीचं तसं नसतं. सुरुवातीला जड, संथ ओढ लागते, जणू तिला गळ लागल्याचं कळलेलंच नाही. मग एका सरळ रेषेत लांब धाव येते आणि रॉडच्या टोकाला रुंद, सावकाश हेलकावे बसतात. मधेच दोरीत खरखर जाणवली तर मुशी अंगाभोवती लीडर गुंडाळून घेते आहे असं समजा. तिची कातडी सँडपेपरसारखी असते. त्या खरखरीत ब्रेड क्षणात तुटते, फ्लुरोकार्बन थोडा वेळ तग धरतो.

लागलेला मासा ओढताना अचानक हलका झाला आणि वर आला तेव्हा मागचा अर्धा भाग सुरीने कापल्यासारखा गेलेला असेल, तर त्या जागी पुन्हा आमिष टाकताना पुढचा मासा मुशीच असू शकतो.

पहिलं मिनिट

ड्रॅग (ठरलेल्या ताणाला दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) घरीच ताणकाट्याने मोजून लावलेला असावा. बॅगा मोजायचा साधा ताणकाटाही चालतो. २० पौंडी ब्रेडला सुरुवातीचा ड्रॅग २ ते अडीच किलो पुरे. मुशी धावू लागली की ड्रॅग आवळण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि सर्वांत जास्त दोऱ्या इथेच तुटतात. स्पूल (रिळाची दोरी गुंडाळलेली चकरी) रिकामा होत जातो तसा त्यावरच्या दोरीचा व्यास कमी होतो. व्यास अर्धा झाला की ड्रॅगला हात न लावताही दोरीवरचा ताण दुप्पट होतो, शिवाय पाण्यात पसरलेल्या शंभर-दीडशे मीटर दोरीची ओढ वेगळी. म्हणून निम्मी दोरी गेली की ड्रॅग पाव फेरा सैल करायचा.

धाव चालू असताना हँडल फिरवू नका. काही परत येत नाही, फक्त दोरीला पीळ बसतो. रॉड ४५ अंशांच्या वर नेऊ नका. हलका रॉड उभा धरला की सगळा भार टोकावर येतो आणि टोक मोडतं. पुळणीवर उभे असाल तर मासा ज्या दिशेला जातो तिकडे चालत जा; चालून मिळवलेली दोरी ओढून मिळवलेल्या दोरीपेक्षा स्वस्त पडते. खडपावर असाल तर हे करू नका. शेवाळलेल्या दगडावर, डोळे समुद्राकडे आणि दोन्ही हात रॉडवर असताना होणारं पडणं मुशीच्या दातांपेक्षा जास्त वेळा घात करतं.

सोडायची वेळ

पहिल्या धावेत दोन तृतीयांश दोरी गेली आणि वेग कमी झाला नाही, तर हा मासा तुमच्या रॉडचा नाही. दिसल्यावर मुशी दीड मीटरच्या वर वाटली, तरी तेच. आणि १५ मिनिटांनंतरही ती जवळ येत नसेल, तरीही तेच. या मर्यादेमागे कारण आहे. कानमुशी, काळ्या टोकांच्या परांची मुशी अशा बऱ्याच जातींना श्वासासाठी सतत पोहावं लागतं, म्हणजे तोंडातून पाणी कल्ल्यांवरून वाहतं ठेवावं लागतं. लांबलेल्या झुंजीत स्नायूंत आम्ल साठतं, पोहणं मंदावतं, श्वास अपुरा पडतो. सोडल्यावर ती पोहत गेलेली दिसते, आणि पुढे कुठेतरी तळाशी मरते. कानमुशी यात सर्वांत नाजूक. तिचं डोकं ओळखलं की मिनिटं मोजत बसू नका, लगेच सोडा.

तोडायची असेल तर दोरी शक्य तेवढी परत घ्या, कारण मुशीच्या तोंडाला शंभर मीटर ब्रेड लोंबत ठेवणं हीसुद्धा मारण्याचीच रीत आहे. रॉड सरळ माशाकडे रोखा, म्हणजे त्यावर ताण राहणार नाही. स्पूल ओल्या जाड फडक्याने घट्ट धरा आणि मागे चालत जा. या सामानात ब्रेड लीडरपेक्षा कमजोर असते, त्यामुळे सहसा तुटतं ते ब्रेड आणि लीडरच्या गाठीपाशी. ब्रेड हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नका. ती मांसात हाडापर्यंत जाते. गुंडाळायचीच असेल तर लाकडी दांड्याला.

आणायची असेल तर

एक मीटरच्या आतली मुशी बहुतेक वेळा पाच ते दहा मिनिटांत येते. रॉड वर नेऊन दोरी मिळवा, खाली आणताना गुंडाळा, आणि रॉड एका बाजूला आडवा ठेवून दिशा बदलत राहा. डावीकडे धावणाऱ्या माशाला उजवीकडे ओढलं की त्याचं डोकं वळतं आणि दम लवकर जातो. जवळ आल्यावर तो शेवटची एक धाव घेतोच. लीडर रॉडच्या टोकाशी आला म्हणून बेसावध राहिलात तर याच धावेत गळ सरळ होतो किंवा गाठ जाते. त्याआधी ड्रॅग थोडा सैल करून ठेवा.

पुळणीवर लाटेचा उपयोग करा. लाट येताना ओढा, लाट मागे जाताना दोरी सोडा. ओसरत्या लाटेच्या विरुद्ध ओढलं तर माशाचं वजन दुप्पट वाटतं आणि दोरी तुटते. मासा घोट्याएवढ्या पाण्यात आला की तिथेच थांबवा. कोरड्या वाळूत नेऊ नका. गॅफ (मासा उचलायचा आकडा) मारू नका.

मुशीच्या अंगात हाडं नसतात, कूर्चा असते. त्यामुळे ती वळून स्वतःच्या शेपटीपर्यंत तोंड नेऊ शकते. शेपटीला धरून लोंबकळवलेली मुशी चावते, आणि आतल्या अवयवांना बरगड्यांचा आधार नसल्याने तिला आतून इजाही होते. छोटी असेल तर एक हात कल्ल्यांच्या मागे डोक्याच्या वरून घट्ट, दुसरा शेपटीच्या मुळाशी, पोट खाली. हात ओले असावेत, पायांत बंद बूट असावेत. कल्ल्यांत बोटं घालू नका. डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं की बऱ्याच मुशी शांत होतात.

गळ ओठाच्या कोपऱ्यात दिसत असेल तर लांब तोंडाच्या पक्कडीने, निदान ११ इंची, उलटा वळवून काढा. घशात गेला असेल तर खेचू नका, लीडर गळाच्या शक्य तितक्या जवळ कापा. साधा पोलादी गळ काळाने गंजून पडतो, स्टेनलेसचा फार काळ टिकतो. म्हणून मुशीच्या जागी स्टेनलेसचे गळ वापरूच नयेत. एक मीटरवरच्या मुशीचा गळ काढायचाच नाही. पाण्यातच, साइड कटरने, मुशीच्या मागच्या बाजूला उभं राहून लीडर कापायचा. फोटो पाण्यातच काढा. पाण्याबाहेरचा वेळ एका मिनिटाच्या आत असावा.

सोडताना तिला गुडघाभर पाण्यात, तोंड प्रवाहाकडे करून, शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवरच्या पराला धरून उभं राहा. मागे ओढू नका, कल्ल्यांत उलटं पाणी जातं. शेपटी स्वतः जोर लावू लागली की हात काढा आणि बाजूला व्हा.

होडीवर आणि हातगरीवर

छोट्या होडीत किंवा कयाकवर जिवंत मुशी आत घ्यायची नाही, ती छोटी असली तरी. पाय उघडे असतात आणि जागा नसते. दोरी होडीच्या नाळेवरून (पुढच्या टोकावरून) ठेवा. बाजूने ओढ बसली की कयाक उलटते. सुरी हाताच्या अंतरावर बांधलेली हवी. हातगरीने, म्हणजे रॉडशिवाय हातात दोरी धरून, मासे धरत असाल तर बोटांना रबराचं संरक्षण आणि तंगूस (नायलॉनची दोरी) लाकडी फिरकीवर. पायाजवळ तंगुशीची वेटोळी पडू देऊ नका, धावत्या मुशीच्या दोरीत घोटा अडकू शकतो.

खाडीच्या आतल्या भागात मुशी येत नाही हा समज सोडा. बुल शार्क गोड्या पाण्यातही पोहते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मुशीने एकाच्या पायाला गंभीर चावा घेतला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लागलेला मासा ओढू नये, आणि मासे कमरेला बांधून तर कधीच नाही. चावा बसलाच तर जखमेवर कापड घट्ट दाबून धरा, हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर पट्टा आवळा, १०८ ला फोन करा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४.

ठेवायची की नाही

बहिरी (व्हेल शार्क), करवत मासा, गंगेतली मुशी यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने यादी वाढली आहे. ओळख पटत नसेल तर सोडायची, वाद नको.

कोकणात जी छोटी मुशी सर्वांत जास्त सापडते तिचं तोंड फावड्यासारखं चपटं असतं, डोळे बारीक, आणि ती सहसा पाऊण मीटरच्या वर जात नाही. मोरीचं (छोट्या मुशीचं) मटण बहुधा हिचंच होतं. पोट फुगलेली मादी सोडून द्या. ही मुशी अंडी न घालता पिल्लं देते. ठेवायची असेल तर लगेच डोक्यावर मारून ठार करा, शेपटीजवळ आणि कल्ल्यांपाशी चीर देऊन रक्त जाऊ द्या, पोट साफ करा आणि बर्फात घाला. मुशीच्या मांसात युरिया असतो. रक्त तसंच राहिलं आणि ऊन लागलं की त्याचा अमोनिया होतो, आणि मग कितीही वाटण घातलं तरी वास जात नाही.

पुढच्या वेळेसाठी

मुशी नको असेल तर स्टीलची तार लावू नका. तारेने मोठी मुशी अडकून राहते. फ्लुरोकार्बनवर ती स्वतः कापून निघून जाते, आणि तेच दोघांच्या हिताचं. गळ ५/० चा, टोक आत वळलेला सर्कल हुक घ्या आणि टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. हा गळ तोंडाच्या कोपऱ्यात बसतो, त्यामुळे लीडर दातांपासून दूर राहतो आणि छोटी मुशी साध्या लीडरवरही हाती येते. एकच गोष्ट: सर्कल हुकवर झटका मारायचा नाही, दोरी ताणली की नुसतं गुंडाळत जायचं. लीडर दीड ते दोन मीटर ठेवा, म्हणजे शेपटीचा फटका ब्रेडवर बसत नाही.

झुंज झाल्यावर लगेच दुसरं आमिष फेकू नका. ब्रेडचे पहिले दहा मीटर नखांच्या चिमटीतून ओढा. कुठे केसाळ लागलं तर त्याच्याही वरून कापा आणि लीडरची गाठ नव्याने बांधा. लीडर खरखरीत झाला असेल तर बदला, गळ जरासा उघडला असेल तर फेकून द्या. घरी आल्यावर ड्रॅग आवळून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, पुसा, आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा. आवळून ठेवला तर आतल्या चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या धावेला ड्रॅग झटक्याने सुटतो.