इनटेक मॅनिफोल्ड परत बसवताना : घरी काम शिकणाऱ्यांसाठी

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड संपवून मी गॅरेजात लागलो. तिथे एकट्याच्या भरवशावर मिळालेल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड (बाहेरची हवा प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून नेणारा फाट्यांचा पाईप) काढून बसवणं. पुढे घरच्या जुन्या मारुती 800 वर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, हेच काम निवांत केलं आणि खरं तर तिथेच ते नीट समजलं. गॅरेजात गिऱ्हाईक उभं असतं. घरी बघायला वेळ असतो. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी हे काम आवर्जून सुचवतो. हत्यारं फार लागत नाहीत, इंजिन उतरवायचं नसतं, आणि इंजिन हवा कशी ओढतं ते हाताला कळतं.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा : हवा आत जायला वाट एकच, थ्रॉटल बॉडीची (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप). गरम इंजिन स्लोला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, चालत असताना मॅनिफोल्डमधला दाब साधारण 30 ते 40 किलोपास्कल असतो आणि बाहेर हवेचा दाब 100 च्या आसपास. म्हणजे पॅकिंगच्या (मॅनिफोल्ड आणि इंजिनाच्या मधल्या गॅस्केटच्या) प्रत्येक बारीक फटीवर बाहेरची हवा सतत जोर लावून असते. परत बसवण्याचं सगळं काम त्या फटी राहू नयेत यासाठी आहे.

काढताना इंजिन थंड हवं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटलेली हवी. पण त्याआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाईनमधला दाब उतरतो. जुन्या अ‍ॅल्युमिनिअमच्या मॅनिफोल्डमधून बऱ्याचदा कूलंटही फिरतं. तसं असेल तर ते आधी काढून घ्या. प्रत्येक पाईप आणि कनेक्टरचा मोबाइलवर फोटो काढा, चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा. एवढं केलंत की बसवताना डोकं शांत राहतं.

आता खरं काम, पृष्ठभागाचं. मॅनिफोल्ड सुटला की हेडवरची (सिलिंडरच्या वरच्या भागावरची) पोर्ट, म्हणजे हवा आत जायची भोकं, उघडी पडतात. तिथून एखादा वायसर आत गेला आणि व्हॉल्व्ह उघडा असला, तर तो थेट सिलिंडरमध्ये. म्हणून सगळ्यात आधी पोर्टमध्ये स्वच्छ, धागे न सुटणारी फडकी घाला. किती घातली ते लिहून ठेवा आणि काढताना मोजून काढा. जुनं पॅकिंग खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी वापरा. हेड अ‍ॅल्युमिनिअमचं असतं, लोखंडी पातं एकदा तिरकं फिरलं तरी ओरखडा पडतो आणि हवा नेमकी त्यातूनच शिरते. ग्राइंडरवरची घासणारी चकती तर अजिबात नको, तिची भुकटी इंजिनात जाते. चिवट भागावर पॅकिंग रिमूव्हर लावून थोडं थांबलं की काम हलकं होतं. आमचे मिस्त्री म्हणायचे, ‘‘डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, नख फिरव.’’ मी आजही तेच करतो. दिसायला चकचकीत असलेल्या कडेला नख अडलं, तर तिथे कागदाएवढा थर अजून शिल्लक असतो.

जुनं पॅकिंग लगेच फेकू नका. त्यावर दाबाचा ठसा उमटलेला असतो. एका टोकाला ठसा खोल आणि दुसऱ्या टोकाला फिका असेल, तर मॅनिफोल्डला बाक आलेला असू शकतो. सरळ धारेची स्टीलपट्टी तोंडावर आडवी-तिरकी धरून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) सरकवून बघा. साधारण 0.1 मिमीचं पातं आत जात असेल, तर तोंड मशीनवर सरळ करून घ्यावं लागतं. तिथे पॅकिंग सोल्यूशनचा (ट्यूबमधल्या सीलंटचा) जाड थर देऊन भागवायचा मोह होतो, पण दाबल्यावर ते आत ओघळतं आणि वाळलेले तुकडे इंजिन ओढून घेतं. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तिथेच आणि तेवढंच लावा. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला खाचेत बसणारे रबरी सील असतात, ते कोरडेच बसवायचे. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) काढले असतील तर त्यांच्या ओ-रिंग नव्या घाला आणि इंजिन ऑइलचं बोट लावा, नाहीतर बसवताना त्या कापल्या जातात.

नट आधी हाताने फिरवा. चार-पाच आटे हाताने सहज गेले पाहिजेत. पहिल्याच आट्याला पाना लागत असेल तर नट तिरका चढतोय. मग मधल्या नटापासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जायचं. पहिला फेरा नुसतं टेकवण्याचा, दुसरा निम्म्या टॉर्कचा (म्हणजे आवळण्याच्या जोराचा), तिसरा पूर्ण. टोकांकडून आवळत आलात तर मधला भाग उचललेलाच राहतो.

किती घट्ट? नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. 8 मिमीच्या स्टडला (ज्यावर नट चढतो त्या आटेदार दांड्याला) तो बहुधा 20 ते 25 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. 25 सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर 23 न्यूटन मीटर म्हणजे टोकाला जेमतेम नऊ-साडेनऊ किलोचा जोर. तरण्या हाताला हे फार कमी वाटतं, आणि अ‍ॅल्युमिनिअममधले आटे जातात ते यामुळेच. टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला ‘टक’ वाजणारा पाना) घेताना त्याची रेंज बघा. चाकांच्या नटांसाठी मिळणारा मोठा अर्धा इंची रेंच बऱ्याचदा 40 न्यूटन मीटरच्या खाली जातच नाही. इथे लहान रेंच लागतो. ‘टक’ आवाज आला की थांबायचं, पुन्हा एकदा ओढून बघायचं नाही. आट्यांना तेलही लावू नका, मॅन्युअल सांगत असेल तरच. तेलामुळे घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

पाईप जोडताना ब्रेक बूस्टरचा (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाचा) पाईप दोनदा तपासा. तो ढिला राहिला तर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) बारीक पाईप आणि पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढणाऱ्या झडपेचा) पाईप तडकलेला असेल तर आत्ताच बदला, नंतर तिथे हात पोचत नाही.

सुरू करण्याआधी चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून लाईनमध्ये दाब येऊ द्या आणि इंजेक्टरपाशी पेट्रोल गळतंय का ते नाकाने आणि डोळ्याने बघा. कूलंट काढलं असेल तर ते भरून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून आणि हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू करा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा.

कुठे एअर घेत असेल तर गाडी सांगतेच. मॅप सेन्सरच्या गाडीत आरपीएम स्लोला चढलेले राहतात, कारण वाढलेली हवा सेन्सर ओळखतो आणि इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो. हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत ही चोरवाटेची हवा मोजलीच जात नाही. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं, गाडी स्लोला झटके खाते, स्कॅनरवर पी0171 (मिश्रण पातळ असल्याचा) कोड येऊ शकतो. फट शोधायला कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) फवारताना बरेच जण दिसतात, पण गरम एक्झॉस्टजवळ तो पेट घेतो. घरी मी साध्या पाण्याची बारीक फवारणी जोडावर करतो, वायरिंग आणि कॉइल सांभाळून. आरपीएम क्षणभर बदलले तर फट तिथेच. रबरी नळीचं एक टोक कानाला धरून दुसरं जोडावरून फिरवलं तरी बारीक ‘स्स’ ऐकू येतं. पंख्यापासून आणि बेल्टपासून मात्र लांब राहा.

पहिली फेरी घराजवळच मारा, चढ असला तर उत्तमच. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात कूलंटची पातळी बघा, गाडीखाली डाग आहे का ते बघा आणि पातळी उतरली असेल तर भरा. आत अडकलेली हवा रात्रीतून बाहेर पडल्यामुळे पहिल्या वेळी ती थोडी उतरते. नट पुन्हा आवळायचे की नाही ते मॅन्युअल सांगेल. त्यात तसं लिहिलं नसेल तर पाना लावू नका.