आधी तक्ता, मग कात्री

चित्रपटमालिकेचे तीन-चार भाग पुन्हा एडिट करायला घेतलेत, तर पहिल्याच दिवशी एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर कट मारू नका. आधी तक्ता करा. प्रत्येक सीनसमोर एकच नोंद: इथे पात्राने कोणता निर्णय घेतला? नुसती माहिती मिळाली असेल तर रकाना रिकामा ठेवा. सलग चार-पाच रकाने रिकामे दिसले की पात्र कुठे लटकलंय ते कळतं.

खरी कमाई संवादाच्या शेपटीत असते. नायक नकार देतो आणि मग तीन वाक्यं कारण सांगत बसतो. नकार संपताच समोरच्याच्या चेहऱ्यावर कट करा. ते कारण प्रेक्षक स्वतःच जुळवतो. मात्र मागे संगीत वाजत असेल तर तो कट कानाला लगेच खटकतो. ५.१ ट्रॅक (सहा वेगळ्या चॅनलमध्ये विभागलेला आवाज) मिळाला तर बरं, त्यात संवाद बहुतेक मधल्या चॅनलवर असतात, त्यामुळे संगीत बऱ्यापैकी वेगळं सांभाळता येतं.

सगळं कालक्रमाने लावायचा मोह होतोच. 'द गॉडफादर' या माफिया कुटुंबावरच्या चित्रपटमालिकेचे पहिले दोन भाग १९७७ मध्ये टीव्हीसाठी तसेच लावले होते. कथा सरळ झाली खरी, पण बाप घर उभं करतोय आणि मुलगा ते गमावतोय, हा दुसऱ्या भागातला शेजारी-शेजारी दिसणारा विरोध गेला. मला तरी हा सौदा महागात पडलेला वाटतो.

पहिला कट, म्हणजे तुमच्या एडिटची पहिली आवृत्ती, मालिका न पाहिलेल्या माणसाला दाखवा. "आवडलं का?" विचारू नका, "हा असा का वागला?" एवढंच विचारा.