थंडीत बिचकणाऱ्या माशांसाठी आमिषाची निवड

पौषातल्या पहाटे हिडकल जलाशयाच्या काठी गळ टाकणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, मासा थंड रक्ताचा असल्यामुळे पाणी गारठले की त्याची भूक मंदावते आणि तो आमिष गिळण्याऐवजी नुसते चाखून सोडतो. म्हणून जाड गळावर अख्खे गांडूळ ओवू नये. १२ किंवा १४ क्रमांकाचा बारीक गळ (क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो), पातळ तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि गांडुळाचा नखाएवढा, अजून वळवळणारा तुकडा घ्यावा. तिलापियाला तेवढा पुरतो. रोहूसाठी शेंगदाण्याच्या पेंडीत मळलेली कणीक माझ्या मते अधिक भरवशाची, मात्र गोळी हरभऱ्याहून मोठी नसावी. बराच वेळ दोरीला बांधलेले, पाण्यावर तरंगणारे बूच थरथरलेच नाही, तर आमिष बदलण्याआधी गळाची खोली बदलून पाहावी.